एका घाटाच्या दोन बाजू : आंतरविद्यापीठ क्रिकेट आणि आपली महाविद्यालये

कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेस मिळते. गावाच्या पश्चिमेस थोडे अंतर गेले की चोर्ल्याचा घाट लागतो आणि तिकडचे पाणी अरबी समुद्राकडे धाव घेते. पाणलोटाची ही रेषा निसर्गाने आखलेली आहे व ती युगानुयुगे आहे तेथेच आहे. माणसांनी आखलेल्या रेषा मात्र याहून चंचल असतात. १९६२ ते १९८५ या काळात घाटाखालच्या गोव्यातील महाविद्यालयात शिकणारा मुलगा क्रिकेटच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरला, तर तो मुंबई विद्यापीठाचा खेळाडू ठरे. त्याच वेळी घाटमाथ्यावरचा कणकुंबीचा मुलगा बेळगावच्या महाविद्यालयात शिकत असेल, तर तो धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा. घरची बोली जवळची, देवस्थाने सामाईक, सोयरीकही होणारी. पण डोक्यावरची टोपी निराळी.

सीमाभागाचा इतिहास आपण सहसा आयोगांच्या अहवालांतून, मोर्चांतून आणि न्यायालयातील दाव्यांतून वाचतो. तो तसा वाचणे आवश्यकच आहे. परंतु राज्याची व विद्यापीठाची हद्द बदलते तेव्हा तिचे परिणाम फक्त कचेरीत उमटत नाहीत, ते महाविद्यालयाच्या मैदानावरही उमटतात. त्या मैदानावरचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही. प्रस्तुत लेखात महाविद्यालयीन क्रिकेटची अखिल भारतीय स्पर्धा, म्हणजेच रोहिंटन बारिया करंडक, आणि तिच्याशी जोडला गेलेला आपला मुलूख यांचा विचार करावयाचा आहे.

या स्पर्धेचे वेगळेपण कळण्यासाठी तिच्या आधीची स्थिती पाहिली पाहिजे. मुंबईत युरोपियन आणि पारशी यांच्यातील प्रेसिडेन्सी सामन्यांची परंपरा १८९२ पासूनची. १९०७ साली त्यात हिंदू संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमान संघ आल्यावर ते चौरंगी झाले, आणि १९३७ साली उरलेल्यांचा, म्हणजे ख्रिस्ती व इतरांचा संघ येऊन ते पंचरंगी ठरले. या सामन्यांनी क्रिकेटची गोडी खेड्यापाड्यांत पोहोचवली, हे नाकारता येणार नाही. पण खेळाडूला संघात जागा मिळे ती त्याच्या जन्माच्या दाखल्यावर. हिंदू संघातही जन्माचा दाखला पुन्हा एकदा तपासला जाई. आपल्या शेजारच्या धारवाडात १८७६ साली जन्मलेले पळवणकर बाळू हे त्या काळातील भारताचे सर्वश्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरांहून अधिक बळी घेतले. पण चर्मकार कुटुंबातला हा खेळाडू हिंदू संघाचा कर्णधार कधीच होऊ शकला नाही. पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे कर्णधारपद आले, ते वर्षानुवर्षांच्या वादानंतर.

जन्मावर उभारलेल्या या संघांची रचना ज्यांना खटकत होती, त्यांना पर्याय हवा होता. त्यातला एक प्रांतवार संघांचा. १९३४-३५ च्या हंगामात रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली. दुसरा पर्याय विद्यापीठांचा. १९३५-३६ च्या हंगामात आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या करंडकाला रोहिंटन बारिया हे पारशी नाव मिळाले. पहिल्या वर्षीचा विजेता पंजाब विद्यापीठाचा संघ होता. या स्पर्धेत संघ ठरत असे तो विद्यार्थी कोणत्या महाविद्यालयाच्या पटावर आहे यावरून. त्याचा धर्म, जात वा मातृभाषा विचारण्याचे कारण नव्हते. आज ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की तिचे महत्त्व ध्यानात येत नाही. पण त्याच मुंबईत त्याच हंगामांत पंचरंगी सामने भरत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या नियमातील नवेपणा दिसू लागतो.

एकाच माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही मार्ग कसे आले, याचे उत्तम उदाहरण सोलापूरचे आहे. पहलन उर्फ पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ साली सोलापुरात एका पारशी कुटुंबात झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, १९४४ साली, ते प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये आले ते पंचरंगी सामन्यांत पारशी संघाकडून. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकत असताना ते मुंबई विद्यापीठाचे कर्णधार झाले. १९४८ च्या ऑक्टोबरात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला असता संयुक्त विद्यापीठांच्या संघातर्फे त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते मुंबईच्या कसोटी सामन्यात उतरले. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा करून कसोटीत द्विशतक काढणारे ते पहिले भारतीय ठरले. पारशी म्हणून ज्याला पहिला सामना मिळाला, त्याला देशाच्या संघाचे दार उघडून दिले ते विद्यार्थी म्हणून खेळलेल्या डावाने. पंचरंगी सामने १९४५-४६ च्या हंगामानंतर बंद पडले आणि विद्यापीठांची स्पर्धा चालू राहिली.

आता आपल्या मुलखाकडे वळू. बेळगावात कर्नाटक लिंगायत एज्युकेशन संस्थेचे लिंगराज महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. त्यानंतर १९३९ साली राजा लखमगौडा विधी महाविद्यालय आले आणि १९४५ साली साउथ कोंकण एज्युकेशन सोसायटीचे राणी पार्वती देवी महाविद्यालय. त्यापूर्वी आपल्या घराण्यांतील मुलांना पदवीसाठी पुणे, मुंबई, कोल्हापूर, सांगली वा धारवाड गाठावे लागे. अनेक घरांत अजूनही जुन्या ट्रंकांतून त्या काळची वसतिगृहाच्या खर्चाची पत्रे निघतात. पुण्याशी असलेला संबंध एका नावातही टिकून आहे. पुण्याचे न्यू पूना कॉलेज सर परशुरामभाऊ महाविद्यालय झाले ते जमखंडीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या देणगीमुळे. त्याच महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते दिनकर बळवंत देवधर. १९२६ साली एमसीसीविरुद्ध भारतीय संघातर्फे त्यांनी १४८ धावा केल्या. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून दिला आणि दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या त्या वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. वर्गात संस्कृत काव्य शिकवणारा आणि मैदानात तासन्‌तास उभा राहणारा हा प्राध्यापक त्या पिढीच्या डोळ्यांपुढे होता. अभ्यास आणि खेळ ही दोन टोके आहेत, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांना देवधरांचे नाव हे एकच उत्तर पुरेसे असे.

बेळगावची ही महाविद्यालये आरंभी मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. सिंध वेगळा झाल्यानंतरही मुंबई विद्यापीठाचा विस्तार गुजरातेपासून कारवारपर्यंत होता. कागदोपत्री पाहिले तर लिंगराजचा विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या संघात निवडला जाण्यास पात्र होता. व्यवहारात मात्र ही पात्रता फार दूरची होती. मुंबईतील महाविद्यालयांचे खेळाडू आझाद मैदानावर आणि जिमखान्यांच्या खेळपट्ट्यांवर वर्षभर खेळत. त्यांच्यापुढे बेळगावचा मुलगा निवडचाचणीला गेला, तर प्रवासाचा, मुक्कामाचा आणि बुडणाऱ्या तासांचा खर्च त्याच्या घरच्यांवर. तो मॅटिंगवर खेळण्यास सरावलेला. तिकडे गवताच्या खेळपट्टीवर चेंडू निराळाच येतो. निवडणारेही त्याला ओळखत नसत. बेळगावपासून मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास. एवढे अंतर नियमावलीत कोठेही लिहिलेले नसते, पण संघ निवडताना तेच निर्णायक ठरते.

१९४९ साली हे चित्र पालटले. पुणे विद्यापीठ निघाले, गुजरात विद्यापीठ निघाले, बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले, आणि मुंबई इलाख्यातील बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार या जिल्ह्यांसाठी कर्नाटक विद्यापीठाचा कायदा झाला. त्याचे कार्यालय आरंभी मुंबईत होते, ते लवकरच धारवाडला गेले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की राज्य पुनर्रचना अजून सात वर्षे दूर होती. बेळगाव म्हैसूर राज्यात गेले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. आपल्या महाविद्यालयांची फारकत त्याआधीच झाली होती. राज्याच्या नकाशाआधी विद्यापीठाचा नकाशा बदलला, असे म्हणावे लागेल.

या बदलाकडे आपण आजवर बहुधा एकाच बाजूने पाहिले आहे. मराठी माध्यम, मराठीची अध्यासने, परीक्षांची भाषा, पुण्या-मुंबईशी तुटलेला संबंध, ही हानी खरी आहे आणि ती कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. पण खेळाच्या मैदानावर या फारकतीने एक वेगळीच गोष्ट केली. बेळगावहून धारवाड सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. निवडचाचणीला सकाळच्या गाडीने जाऊन रात्री घरी परतता येऊ लागले. पंधरा जणांचा जो संघ पूर्वी अवघ्या मुंबई इलाख्यातून निवडला जात होता, तशा पंधरा जागा आता चार जिल्ह्यांसाठी उपलब्ध झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या संघात ज्याला बारावा गडी म्हणूनही कोणी घेतले नसते, अशा मुलाला अखिल भारतीय स्पर्धेत उतरण्याची खरीखुरी संधी प्रथमच मिळाली. ज्या रेषेने आपल्याला तोडले, तिनेच आपल्या सामान्य खेळाडूला दार उघडून दिले. हे मान्य करणे काहींना जड जाईल, पण इतिहास आपल्या सोयीचा तेवढाच वाचायचा नसतो.

त्या दाराची किंमतही होती. १९५६ साली बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका वेगळा काढून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. चंदगड आणि खानापूर या एकमेकांना लागून असलेल्या मुलखांतील मुले आता दोन विद्यापीठांची झाली. निपाणी आणि कागल यांची गोष्ट तीच. भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागवारीत महाराष्ट्र व गोव्यातील विद्यापीठे पश्चिम विभागात येतात आणि कर्नाटकातील विद्यापीठे दक्षिण विभागात. याचा अर्थ असा की निपाणीचा गोलंदाज आणि कागलचा फलंदाज, ज्यांच्या गावांमध्ये एसटीच्या काही थांब्यांचे अंतर आहे, ते विद्यापीठ स्तरावर समोरासमोर यायचे असतील, तर दोघांच्याही संघांनी आपापला विभाग जिंकत अखिल भारतीय फेरी गाठली पाहिजे. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत मात्र हेच दोघे दर रविवारी एकमेकांविरुद्ध खेळतात. नियमांनी जे दूर केले ते गावच्या माळाने जवळ ठेवले.

मुंबई विद्यापीठाचा संघ फारकतीनंतर दुबळा झाला काय? तसे मुळीच झाले नाही. त्याचे क्षेत्र बहुतांशी मुंबई शहरापुरते उरले, पण शहरातील खेळाडूंची रांग संपणारी नव्हती. त्या रांगेतली तीन नावे या स्पर्धेचे मोल सांगण्यास पुरेशी आहेत.

पहिले नाव अजित वाडेकर यांचे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकणाऱ्या या मुलाला अभियंता व्हायचे होते. महाविद्यालयात त्यांच्या पुढे असलेले लेगस्पिनर बाळू गुप्ते यांनी एके दिवशी बसमध्ये त्यांना विचारले की आमच्या संघात बारावा गडी म्हणून येतोस का, तीन रुपये मिळतील. ही आठवण वाडेकर स्वतःच सांगत असत. तीन रुपयांच्या आमिषाने मैदानावर आलेल्या या विद्यार्थ्याने पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धेत ३२४ धावांची खेळी केली.

दुसरे नाव दिलीप सरदेसाई यांचे, आणि ते आपल्या घाटाखालचे. १९४० साली मडगावात त्यांचा जन्म झाला तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. कुटुंब १९५७ साली मुंबईला आले आणि ते विल्सन महाविद्यालयात दाखल झाले. १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. त्या जोरावर पुढच्या हंगामात पाकिस्तानच्या संघाविरुद्ध पुण्याला भारतीय विद्यापीठांच्या संघात त्यांना घेतले गेले आणि प्रथम श्रेणीच्या त्या पहिल्याच सामन्यात त्यांनी ८७ धावा काढल्या. ध्यानात घ्या, तेव्हा गोवा मुक्त झालेला नव्हता. मडगावात जन्मलेल्या मुलाने भारतीय विद्यापीठांचे प्रतिनिधित्व केले ते गोवा भारतात येण्याआधी.

तिसरे नाव सुनील गावसकर यांचे. सेंट झेवियर्सच्या या विद्यार्थ्याने १९७० साली याच स्पर्धेत ३२७ धावा करून वाडेकरांचा विक्रम मागे टाकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९७१ च्या आरंभी, भारताचा संघ वेस्ट इंडीजला गेला. कर्णधार वाडेकर. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत सरदेसाई यांच्या २१२ धावा. पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीत सरदेसाई यांच्या ११२ आणि पदार्पण करणाऱ्या गावसकरांच्या ६५ व नाबाद ६७. भारताने तो सामना सात गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजविरुद्धचा भारताचा तो पहिला कसोटी विजय आणि त्याच विजयावर मालिकाही आपली झाली. मालिकेत सरदेसाई यांनी ६४२ आणि गावसकरांनी चारच कसोटींत ७७४ धावा केल्या. रेडिओला कान लावून बसलेल्या बेळगाव-खानापूरच्या घरांनी जो जल्लोष केला, त्याच्या मुळाशी महाविद्यालयांच्या मैदानांवर घालवलेली ही वर्षे होती. कर्णधार आणि त्याचे दोन्ही प्रमुख फलंदाज एकाच विद्यापीठाच्या संघातून वर आले होते.

महाविद्यालयीन स्पर्धा देशाला खेळाडू देते, हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. तिच्यामागे एखादे गाव खंबीरपणे उभे राहिले तर ती किती मोठी होते, याचे उदाहरण अमेरिकेत पाहावयास मिळते. तिकडे क्रिकेटच्या जागी बेसबॉल आहे. दोन महाविद्यालयांमधील पहिला बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे ॲमहर्स्ट आणि विल्यम्स या महाविद्यालयांत झाला आणि ॲमहर्स्टने तो ७३ विरुद्ध ३२ असा जिंकला. राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा मात्र बऱ्याच उशिरा, १९४७ साली, कॅलामझू या शहरात सुरू झाली. पहिल्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाने येल विद्यापीठाला हरवले. दुसऱ्या वर्षीही येल अंतिम सामन्यात हरले. त्या दोन्ही वर्षी येलच्या संघात पहिल्या बेसवर खेळणारा विद्यार्थी होता जॉर्ज बुश, जो चाळीस वर्षांनी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

१९५० साली ही स्पर्धा नेब्रास्का राज्यातील ओमाहा या शहरात आली आणि आजतागायत तेथेच आहे. फक्त करोनाच्या साथीमुळे २०२० साली ती झाली नाही. साठ वर्षे ती रोझेनब्लाट या एकाच मैदानावर भरली व २०११ पासून नव्या मैदानावर भरते. दर वर्षी जूनमध्ये देशभरातून आठ संघ येतात. त्यांत ओमाहाचा स्वतःचा संघ असतोच असे नाही. शहरातील क्रेटन विद्यापीठ तेथवर पोहोचले ते १९९१ साली. तरीही पिढ्यान्‌पिढ्या तीच कुटुंबे तिकिटे काढून त्याच बाकांवर बसतात आणि दूरच्या गावांतील मुलांसाठी टाळ्या वाजवतात. दुसऱ्यांच्या मुलांचा खेळ त्या गावाने आपला मानला, म्हणून ती स्पर्धा टिकली. भारतीय विद्यापीठ संघ बेसबॉलच्याही आंतरविद्यापीठ स्पर्धा भरवतो, पण ओमाहासारखे गाव आपल्याकडे ना बेसबॉलला लाभले ना क्रिकेटला. आपली स्पर्धा दर वर्षी एका विद्यापीठाच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात फिरत राहिली. तिला यजमान अनेक मिळाले, घर मिळाले नाही.

घर नसलेल्या गोष्टींची नोंदही राहत नाही. आपल्या मुलखात तर विद्यापीठेच पुन्हा पुन्हा बदलत गेली. १९८५ साली गोव्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. १९९८ साली बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आले आणि राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच्याकडे गेली. २०१० साली राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन होऊन बेळगावची कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये धारवाडपासून वेगळी झाली. आजचे चित्र असे आहे की खानापूर तालुक्यातील एका घरचे दोन भाऊ बेळगावच्या एकाच खोलीत राहून शिकत असतील, थोरला अभियांत्रिकीला आणि धाकटा वाणिज्य शाखेला, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेत ते दोन निरनिराळ्या संघांकडून खेळतील. त्याच घराच्या आजोबांनी कर्नाटक विद्यापीठाची टोपी घातली असेल आणि पणजोबांचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाचे असेल. चार पिढ्यांत एकाही माणसाने गाव सोडले नाही, पण विद्यापीठे चार झाली.

दुसरीकडे स्पर्धेचे पूर्वीचे तेजही ओसरले आहे. परदेशी संघाविरुद्ध विद्यापीठांचा संघ उतरवण्याची जुनी प्रथा राहिली नाही. वयोगटांच्या स्पर्धा, राज्य संघटनांची शिबिरे आणि २००८ पासूनचे आयपीएल यांमुळे गुणी मुलाची निवड महाविद्यालयात जाण्याआधीच होऊन जाते. बेळगावचा वेगवान गोलंदाज रोनित मोरे कर्नाटकाच्या रणजी संघात पोहोचला तो याच नव्या काळात. वाडेकरांप्रमाणे बसमधल्या एका प्रश्नामुळे कोणी कसोटीपर्यंत जाईल, असे दिवस आता उरलेले नाहीत.

मग या स्पर्धेचे महत्त्व काय उरले? माझ्या मते ते तिच्या मूळ नियमात आहे. जो शिकतो आहे, तो खेळू शकतो. बाळू पळवणकरांच्या काळी जे दार जातीकडे पाहून उघडत होते, ते या स्पर्धेने महाविद्यालयाच्या पटाकडे पाहून उघडले. अर्थात त्या पटावर नाव लागणे हीच सर्वांत मोठी अडचण होती, हेही विसरता कामा नये. कणकुंबीपासून जांबोटीमार्गे बेळगाव पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. पावसाळ्याचे चार महिने झड उघडत नाही. ज्या घरात शेतीला माणूस कमी, तेथे मुलाला शहरात ठेवणे म्हणजे दोन हात गमावणे, आणि मुलीला ठेवण्याचा तर विचारही पूर्वी होत नसे. मुलींच्याही आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा आता भरतात. तेथवर आपल्या तालुक्यातील किती मुली पोहोचतात, हा प्रश्न जातीच्या वा भाषेच्या प्रश्नाइतकाच गंभीर आहे. धर्माची रेषा पुसली, जातीची पुसट झाली, प्रांताची बदलली; अंतराची आणि गरिबीची रेषा मात्र अजून आहे तेथेच आहे.

या बुलेटिनच्या वाचकांना एक विनंती करून लेख संपवतो. आपल्यापैकी अनेक घरांत माळ्यावर वा कपाटाच्या तळाशी महाविद्यालयीन संघाची छायाचित्रे असतील. पांढऱ्या पोशाखातील मुले दोन रांगांत उभी, पुढे खुर्च्यांवर प्राचार्य व क्रीडाशिक्षक, मध्ये ढाल किंवा करंडक आणि खाली साल. महाविद्यालयांचे वार्षिकांक असतील, ज्यांच्या शेवटच्या पानांत जिमखान्याचा अहवाल बारीक टायपात छापलेला असतो. ती पाने रद्दीत जाऊ देऊ नका. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने प्रत्येकाचे नाव, गाव आणि साल लिहून ठेवा, आणि ओळखणारी वडील माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. खालच्या पट्टीवर मुंबई विद्यापीठ लिहिले आहे की कर्नाटक, हेही पाहा. एका रांगेत जोशी, पाटील, देसाई, हिरेमठ, शेख आणि फर्नांडिस अशी नावे खांद्याला खांदा लावून उभी दिसतील. सीमाभागाच्या इतिहासाचा तोही एक कागद आहे, आणि दाव्याच्या कागदांत तो सापडणार नाही.